एक कोटी एकावा ठोका

जेवणाचं टेबल गेलं तेव्हा हेडक्लार्क काही बोलले नाहीत. टेबलामागोमाग चारपैकी तीन खुर्च्या गेल्या, तेव्हाही ते गप्प राहिले. पण ऐन उन्हाळ्यात पंखा लावायला बंदी झाली तेव्हा मात्र त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि विचारलं, "अगं, या घरात घाम पुसायची तरी परवानगी आहे ना?"

"पुसा की," काकू म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "फक्त टॉवेल जोरात झटकू नका. हवा हलली की त्याचं तापमान बदलतं."

'त्याचं' म्हणजे टेबलावरच्या डब्याचं. हेडक्लार्कांना कोर्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी इमारतीत सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत आणि त्यांना ते मनातून आवडे. चाळीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून गेलेल्या एकाही कागदात वेलांटी चुकली नव्हती. घरात मात्र हुद्दा चालत नव्हता. घरात आधी डब्याचं तापमान आणि मग हेडक्लार्कांचं.

डबा भंगारवाल्याकडून आला होता. काकू बिघडलेला टेबलफॅन द्यायला गेल्या आणि येताना हा घेऊन आल्या. पंखा देऊन पंखाबंदी आणली, असं हेडक्लार्क पुढे बरेच दिवस ऐकवत. करड्या रंगाचा, बुटांच्या खोक्याच्या निम्मा, पाठीवर ॲल्युमिनियमच्या काळ्या पट्ट्या, बाजूला एक वाळून तडकलेली चिठ्ठी. "घ्या काकू, आत थोडं तांबं निघेल," भंगारवाला म्हणाला होता. काकूंनी चिठ्ठी वाचली आणि त्यांना तिथेच एका जुन्या टायरवर बसावं लागलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. असाच एक डबा तिथे काचेच्या दाराआड असायचा. अख्ख्या एक्स्चेंजला ठोका तो द्यायचा. त्याला हात लावायला बाहेरून साहेब यायचे. काकूंना तीस वर्षांत त्याच्यावरची धूळसुद्धा कोणी पुसू दिली नव्हती.

"रुबिडियम आहे," त्या घरात शिरता शिरता म्हणाल्या.

"कोण?"

"अहो, आतला धातू. एवढ्याशा काचेच्या बल्बमध्ये असतो. त्याचे अणू ठोका कधी चुकवत नाहीत. त्यांच्याकडे बघून हा डबा आपला सूर धरतो. सेकंदाला बरोबर एक कोटी ठोके. तीनशे वर्षांत फार तर एका सेकंदाची चूक."

हेडक्लार्कांनी एकच कायदेशीर शंका काढली. "तीनशे वर्षांनी ती दाखवून द्यायची कोणाला?"

डबा अर्थात मेलेला होता. बघायला पहिले आले ते खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांनी चष्मा लावून डबा सगळीकडून फिरवून पाहिला आणि विचारलं, "पण यात वाजले किती ते कुठे दिसतं?"

"दिसत नाही. हे वेळ सांगत नाही, नुसते ठोके देतं."

"मग घड्याळ कसलं हे?"

"घड्याळांचं घड्याळ," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांना ते पटलं नाही, पण सल्ला दिल्याशिवाय ते कधी कोणाच्या घरातून उठलेले नाहीत. "वरून भरून उपयोग नाही, काकू. आतून सडलं असेल ते आधी काढा." वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींचं म्हणणं पडलं की दोन दिवस कडक उन्हात ठेवा. चेअरमन म्हणाले, भंगारातली वस्तू भंगारातच शोभते. आश्चर्य म्हणजे एवढ्या सल्ल्यांत बरोबर निघाला तो डॉक्टरांचाच. आतले अकरा कपॅसिटर खरोखरच सडले होते. काकूंनी भिंग डोळ्याला बांधून ते एकेक करून उपटले आणि नवे बसवले. आठवडाभर घरात कथिलाने डाग देण्याचा वास होता आणि हेडक्लार्क तोंडावर रुमाल धरून शब्दकोडी सोडवत होते.

तरीही डबा हूं की चूं करेना. मग कळलं की बल्बच्या काचेवर आतून रुबिडियमचा थर चढलाय, आरशासारखा. उजेड बाहेर पडत नाही, म्हणून अणू काय म्हणतात ते डब्याला ऐकू येत नाही. उपाय एकच: बल्ब जपून तापवायचा आणि तो थर एका कोपऱ्यात सरकवायचा. काच तडकली तर कथा संपली. काकूंनी दाराखिडक्यांचा रंग काढायची गरम हवेची बंदूक कोणाकडून तरी आणली, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि बटण दाबलं.

इमारत जुनी. तिच्यातल्या सगळ्या तारा एकमेकींच्या नात्यातल्या. इकडे बंदूक चालू झाली, पाचव्या मिनिटाला तिकडे जिन्यातला मोठा फ्यूज उडाला, आणि लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आत चेअरमन होते. त्यांच्या हातात आइसक्रीमचा मोठा डबा होता. वायरमन येईपर्यंत पाऊण तास गेला. चेअरमन बाहेर आले तेव्हा आइसक्रीम डब्यात नव्हतं. ते त्यांच्या विजारीवर होतं.

"काय चाललंय काय तुमच्या घरात?" त्यांनी गरजून विचारलं.

"अणुघड्याळ दुरुस्त करतेय," काकूंनी खरं ते सांगितलं. खरं बोलण्याची ही वेळ नव्हती, असं हेडक्लार्कांना तेव्हाच वाटलं होतं.

पण त्या पाच मिनिटांत काच लख्ख झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी डबा चालू केला आणि समोर हात बांधून बसल्या. सातव्या मिनिटाला बाजूचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि मग स्थिर झाला.

"धरलं," काकू म्हणाल्या. "अहो, धरलं त्यानं."

हेडक्लार्क बघायला आले. दिव्यात बघण्यासारखं काही नव्हतं. असले दिवे घरातल्या निम्म्या यंत्रांना असतात. पण काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून हेडक्लार्क घाईघाईने कपबशा विसळायला निघून गेले. ते त्यांचं काम नव्हतं आणि कपबशा स्वच्छ होत्या.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. हेडक्लार्कांनी तशी अपेक्षाही मनाशी नोंदवून ठेवली होती. पण चार दिवसांनी काकू म्हणाल्या, "चालतंय. पण बरोबर चालतंय का, हे कसं कळणार?" ते कळायला दुसरा डबा हवा. भंगारवाल्याने तो शोधून दिला. तोही दुरुस्त झाला, आणि दोघांचं पटेना. आता कोण चुकतंय हे ठरवायला तिसरा आला. तीन डबे, वीजपुरवठ्याचे तीन ठोकळे आणि ठोके पडद्यावर रेघांसारखे दाखवणारा एक जुना ऑसिलोस्कोप. दोन डब्यांच्या रेघा एकमेकींशेजारी पळत. एक जरा जरी पुढे सरकली तरी काकू वेळ लिहून ठेवत. अशी त्यांनी दीड वही भरली. हेडक्लार्कांनी ती एकदा चाळली. एकही खाडाखोड नव्हती. त्यांनी वही जागेवर ठेवली आणि त्या दिवसापासून ते गॅलरीत जेवू लागले, कुरकुर न करता.

मग नोटीस आली.

चेअरमननी रहिवाशांची सभा बोलावली होती. काकूंनी तिथे समजावून सांगितलं, की या डब्यात अणू फुटत नाही, नुसता डोलतो. "अणू म्हणजे अणू," चेअरमन म्हणाले. डॉक्टर मदतीला उठले. "अहो, याच्यापेक्षा माझ्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन जास्त धोक्याचं आहे!" त्यावर सगळी सभा डॉक्टरांकडे वळून बघायला लागली आणि डॉक्टर खाली बसले. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून कागद आत सरकला. सदनिका क्रमांक नऊमध्ये 'बेकायदेशिर रित्या' बाळगलेलं अणुघड्याळ 'सात दिवसाच्या' आत निकामी करावं, अथवा ते निर्धोक आणि अचूक असल्याचं सरकारी प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सादर करावं.

हेडक्लार्कांचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. शुद्धलेखनाच्या तीन आणि विरामचिन्हांच्या दोन चुका दुरुस्त करून त्यांनी नोटीस परत पाठवली. त्याने चेअरमनचा राग कमी झाला असं म्हणता येणार नाही.

काकू मात्र एकाच शब्दावर अडकल्या होत्या. 'निर्धोक'कडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. "अचूक," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "अहो, प्रयोगशाळेत खरं मोठं घड्याळ असतं. त्याच्याशी लावून बघायला मिळालं तर..."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर दीड वही फाडीन आणि तिन्ही डबे परत देऊन येईन," काकू शांतपणे म्हणाल्या. इतके दिवस त्यांना टेबल परत हवं होतं. ते मिळण्याची ही चांगली संधी होती, आणि ती त्यांना अजिबात नको होती.

अर्जाचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज न वाचताच बाहेर सरकवला. "संस्थेचा शिक्का कुठाय? खाजगी माणसाचं उपकरण आम्ही तपासत नाही."

"असं कुठे लिहिलंय?"

"नियमच आहे तसा."

"नियमावली द्या."

कारकुनाने नियमावली दिली ती हा म्हातारा कंटाळून जाईल या भरवशावर. हेडक्लार्क बाकावर बसले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. दोन तासांनी त्यांना हवा तो शब्द सापडला. कलम चौदा, पोटकलम तीन: 'उपकरणाचा धारक'. संस्था नव्हे, धारक! त्यांनी बोट त्या शब्दावर ठेवून पुस्तक खिडकीत धरलं. कारकुनाने वाचलं, डोकं खाजवलं आणि पाचव्या दिवशीची तारीख दिली. घरी येताना हेडक्लार्क जिना एकेक पायरी गाळून चढले.

आता प्रश्न तिन्हींतला पहिला डबा नेण्याचा. बंद करून नेता येत नव्हता. बंद करून पुन्हा चालू केला की त्याचा सूर किंचित बदलतो, मग महिन्याभराच्या नोंदींना अर्थ राहत नाही. म्हणजे तो चालू ठेवूनच न्यायचा. काकूंनी दोन जड बॅटऱ्या एका कापडी पिशवीत घातल्या, पिशवी हेडक्लार्कांच्या खांद्याला लावली, डबा स्वतः छातीशी धरला, आणि दोघांच्या मध्ये दीड मीटर वायर. "लांब जायचं नाही," त्या म्हणाल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत ही सूचना त्यांनी पहिल्यांदाच दिली होती.

बसमध्ये गर्दी होती. हेडक्लार्कांच्या पिशवीतून निघालेली वायर, तिच्या टोकाला हिरवा दिवा लागलेलं यंत्र आणि ते यंत्र काळजीने धरून उभी असलेली बायको, एवढं बघून एक बाई चटकन उठल्या. "बसा हो आजोबा. कधीपासून त्रास आहे?"

हेडक्लार्कांना सांगावंसं वाटलं की मी ठणठणीत आहे. पण खांदा मोडून आला होता. "निवृत्तीपासून," ते म्हणाले आणि बसले.

"माझ्या सासऱ्यांना पण असंच लावलं होतं," बाई काकूंना धीर देत म्हणाल्या. "दिवा हिरवा आहे ना, मग काळजी करू नका." अर्धी बस हेडक्लार्कांकडे कनवाळूपणे बघत होती. एकाने खिडकी उघडून दिली, तर काकू ओरडल्या, "बंद करा, वारा लागेल त्याला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कशी जपते बघा, असा त्या डोलावण्याचा अर्थ होता. हेडक्लार्क ठरलेल्या थांब्यापर्यंत डोळे मिटून आजारी राहिले. दुसरं काय करणार?

प्रयोगशाळेच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, "बॅटरी आत नेता येणार नाही. इथे ठेवा, टोकन घ्या."

"बॅटरी काढली तर हे बंद पडेल."

"मग तेही ठेवा."

काकूंचा चेहरा उतरला. हेडक्लार्कांनी पहारेकऱ्याच्या मागची पाटी सावकाश वाचली. "कॅमेरा, ज्वालाग्राही पदार्थ, पाळीव प्राणी. यात बॅटरी कुठे आहे?"

"ती 'इत्यादी'मध्ये येते."

"पाटीवर 'इत्यादी' नाही. असता तर मी स्वतः ठेवून आलो असतो."

पहारेकऱ्याने मागे वळून पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. तिथे नोकरीला लागल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. मग त्याने दार उघडलं. दार एका माणसापुरतं होतं. दोघं आडवी होऊन खेकड्यासारखी आत गेली.

तपासणीच्या खोलीत एक तरुण अधिकारी होती, पांढऱ्या कोटातली. तिने काकूंना खुर्ची दिली, डबा आपल्या टेबलावरच्या ठोके मोजणाऱ्या यंत्राला जोडला आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. भिंतीतून येणारी एक निळी वायर त्या यंत्राला मोठ्या घड्याळाचा ठोका पुरवत होती. आकडा उमटला. मुलीने तो दोनदा वाचला.

"काकू," ती जपून म्हणाली, "एक ठोका जास्त येतोय. एक कोटी एक."

"एक? पूर्ण एक?"

"हो. घरच्या घरी केलेल्या कामाला खरं तर हेही खूप..."

"शक्य नाही," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एक पूर्ण ठोका चुकला असता तर अणूंची आणि याची ताटातूट झाली असती. मग हा हिरवा दिवा लागलाच नसता. दिवा लागलेला आहे म्हणजे माझी चूक ठोक्याच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी आहे. तुमचं चुकतंय."

एवढ्यात आतल्या केबिनमधून साहेब आले. त्यांनी डबा पाहिला, कापडी पिशवी पाहिली आणि ते हसले. "बाई, ही प्रयोगशाळा आहे. आमच्याकडे चूक होत नाही."

काकूंनी सोबत आणलेली वही बंद केली. त्यांचा हात वायरकडे, डबा सोडवायला गेलेला हेडक्लार्कांनी पाहिला. रुबिडियम काय असतं हे त्यांना अजूनही धड कळलं नव्हतं. पण दीड वहीत एकही खाडाखोड नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

"थांब," ते म्हणाले, आणि साहेबांकडे वळले. "मी चाळीस वर्षं कोर्टात काढली. 'आमच्याकडे चूक होत नाही' असं म्हणणाऱ्या शेकडो साक्षीदारांच्या उलटतपासण्या माझ्या हातून टाइप झाल्यात. मला एकच सांगा. ही निळी वायर येते कुठून?"

"मोठ्या घड्याळाकडून. पलीकडच्या खोलीतून."

"तुम्ही स्वतः पाहिलंय? की तसं समजता?"

साहेबांनी वायरीकडे पाहिलं. मुलगी मात्र उठली. "सर, रंगकामाच्या वेळी सगळं रॅक हलवलं होतं," ती हळूच म्हणाली, आणि पलीकडच्या खोलीत गेली. साहेब तिच्यामागे गेले. हेडक्लार्कही निघाले, पण दीड मीटरवर त्यांना खांद्याला हिसका बसला आणि ते परत आले. दोघं वायरीच्या दोन टोकांना बसून राहिली. पलीकडून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

मुलगी परत आली तेव्हा तिच्या कोटाला धूळ लागली होती. निळी वायर मोठ्या घड्याळात नव्हतीच. शेजारच्या एका जुन्या, टाकून दिलेल्या डब्यात होती. रंगाऱ्यांनंतर कोणीतरी ती चुकीच्या भोकात बसवली होती, आणि वरची चिठ्ठी मात्र बरोबर होती. तिने आता ती जागच्या जागी लावली होती. सगळे यंत्राकडे बघू लागले. आकडा लुकलुकला.

एक कोटी. पुढे दशांश चिन्ह. त्यापुढे शून्य, शून्य, शून्य.

मुलीने टाळी वाजवली आणि साहेबांकडे बघून हात मागे घेतले. साहेब खुर्चीवर टेकले होते. रंगकाम होऊन तीन महिने झाले होते. तेवढ्या काळातली सगळी प्रमाणपत्रं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत. हे त्यांना दडपता आलं असतं. खोलीत चारच माणसं होती, त्यातली दोन बसने आलेली. हेडक्लार्क त्यांच्या तोंडाकडे बघत होते. असे क्षण त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि त्यातून काय निघतं, तेही.

"सगळ्यांना पत्रं काढा," साहेब मुलीला म्हणाले. "आजच. चूक आमची, उपकरण आणा, पुन्हा तपासून देऊ. मसुदा मला दाखवा." मग ते उठले आणि काकूंसमोर उभे राहिले. "बाई, मघाशी मी हसलो. हसायला नको होतं."

"त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या. "तेवढा पंखा बंद करता का? डब्याला वारा लागतोय."

साहेबांनी स्वतः जाऊन बटण बंद केलं.

प्रमाणपत्र मिळालं. त्यात निर्धोकही लिहिलं होतं आणि अचूकही. हेडक्लार्कांनी ते वाचलं, एका ठिकाणी अनुस्वार नव्हता, आणि ते काही बोलले नाहीत. चेअरमननी ते दोनदा वाचून स्वतःच्या हाताने सूचनाफलकावर लावलं, आणि आपल्या इमारतीत हे यंत्र आहे असं शेजारच्या इमारतीच्या चेअरमनना सांगायला गेले.

आठवड्याने दुपारी प्रयोगशाळेची गाडी आली. त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेले दोन मेलेले डबे तिच्यातून आले होते; ते काकूंनी बघावेत, अशी साहेबांनी लेखी विनंती केली होती. त्याच दिवशी काकूंनी पडदे ओढले, त्यातल्या एका डब्याचं झाकण काढलं आणि त्याला वीज दिली. बल्ब अजून लागतो का ते बघायचं होतं, पण तो खूप आत होता, थेट दिसत नव्हता. डॉक्टरांनी दात बघायचा लांब दांड्याचा छोटा आरसा दिला होता.

"अहो, इकडे या. हा आरसा धरा. माझे दोन्ही हात अडकलेत."

हेडक्लार्क गॅलरीतून आले. त्यांनी दांडा दोन बोटांत धरून हळूच आत सरकवला आणि वाकून पाहिलं. आरशात जांभळट गुलाबी उजेडाचा एक ठिपका होता. मसुराच्या दाण्याएवढा. जळत नव्हता, थरथरत नव्हता. नुसता होता.

त्यांनी आरसा किंचित फिरवून पुन्हा पाहिलं.

"असाच असतो? प्रत्येकात?"

"चालू असला की सतत. वर झाकण असतं म्हणून दिसत नाही."

हेडक्लार्कांनी डब्यावरून नजर काढून काकूंकडे पाहिलं. कपाळाला भिंग बांधलेलं, केस विस्कटलेले, गालावर काजळी.

"आरसा हलला," काकू म्हणाल्या. "नीट धरा की."

"धरतो," ते म्हणाले, आणि पुन्हा वाकले.